कोलोनोस्कोपीआधी दोन लिटर पाणी कशाला?

वडनेर भोलजीहून बोलतोय, मागून हायवेवरचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. आणि हा भाग जेवताना ऐकू नका.

कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना? पाणी खारट बाजूला ओढलं जातं. सोडियम फॉस्फेटचं जुलाबाचं औषध असंच चालतं. प्यायला थोडंसंच, पण ते शरीरातलंच पाणी आतड्यात ओढतं. शरीर कोरडं पडतं, किडनीला इजा होऊ शकते. आणि किडनीचं दुखणं आपल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्याला काही नवं नाही.

म्हणून आता बहुतेक ठिकाणी पॉलिइथिलीन ग्लायकॉल देतात, थोडक्यात पेग. लांबलचक रेणू; आतडं तो शोषत नाही, तो पाणी धरून ठेवतो. सोबत क्षार असे मोजून घातलेले की शरीरातलं पाणी फारसं बाहेर जात नाही आणि प्यायलेलं आत मुरत नाही. हे मिश्रण 1980 मध्ये अमेरिकेत जॉन फोर्डट्रान यांच्या गटाने मांडलं. आमचे मामा पुडी बघून म्हणाले, “एवढं पानी कोन पिईन बाप्पा?” पण मामा, धुलाई त्या पाण्यानेच होते! गार करून प्या, चालतं. साखर-ग्लुकोज मात्र घालू नका, तोल बिघडतो.

साखरेवरून आठवलं. पूर्वी मॅनिटॉल द्यायचे. आतड्यातले जीवाणू त्यापासून हायड्रोजन वायू बनवतात. 1979 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी नोंदवलंय: विजेच्या तारेने आतड्यातली गाठ काढताना स्फोट झाला, पेशंट दगावला.

डोस सहसा अर्धा आदल्या संध्याकाळी, अर्धा पहाटे. पहाटेचा बरेच जण टाळतात, कारण अकोल्यापर्यंत एसटीत बसायचंय! पण रात्रभरात लहान आतड्यातून पित्त आणि चिकट स्राव उतरतो, मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला त्याचा थर बसतो. त्याखाली चपटी गाठ लपली, तर दुर्बिणीला दिसत नाही. अशाच काही गाठींचा पुढे कॅन्सर होतो. त्यापेक्षा आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे मुक्काम करा.

शेवटी पिवळसर, लघवीसारखं स्वच्छ पाणी पडलं की झालं. गढूळ असेल, तर टेबलावर झोपायच्या आधीच डॉक्टरांना सांगा. शुगरच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचंही आधीच विचारून ठेवा.