काळ्या कळपाची वंशावळ

माणदेशात फाल्गुनातली पहाट. आटपाडीच्या पुढे, ज्वारी काढलेल्या रानात धसकटं पायांना टोचतात. रानाच्या मधोमध वाघर लावली आहे. जाळीच्या आत मेंढरं बसली आहेत. उजेड पुरता फुटलेला नाही, त्यामुळे काळी अंगं दिसत नाहीत, नुसता रवंथ ऐकू येतो. मधूनच एखादी खोकते. लेंड्यांचा आणि लोकरीचा उग्र वास हवा धरून बसला आहे.

शेतमालकानं मेंढरं रात्रीची इथं बसवून घेतली आहेत. रानाला खत मिळतं, मेंढपाळाच्या बिऱ्हाडाला पैसे किंवा धान्य. दोन-तीन रात्री झाल्या की वाघर उचलायची, घोड्यावर संसार लादायचा आणि पुढचं रान धरायचं.

तीन दगडांच्या चुलीपाशी मावशी भाकरी थापताहेत. शेजारी डालग्यात कोवळी कोकरं कोंडलेली. जाळीतून आईचा आवाज आला की सगळी एकदम ओरडतात. कुत्रं उठतं, आळस देतं, पुन्हा राखेजवळ अंग टाकतं.

दिवस कासराभर वर येतो आणि बांधावरून जीप येते. दोन पशुवैद्य, एक विद्यार्थिनी. सोबत बर्फाचा निळा डबा, जांभळ्या टोपणाच्या काचेच्या नळ्या, मोजायची फीत, लटकवायचा काटा, जाड पुठ्ठ्याची वही.

‘‘रगात कशापायी?’’ कारभारी विचारतात. डोक्याला तांबडं मुंडासं, खांद्यावर घोंगडी.

‘‘तुमच्या मेंढरांचं नातं कुणाकुणाशी लागतं, ते बघायचंय अण्णा.’’

‘‘ते मी सांगतो की.’’

‘‘तुम्ही सांगालच. रक्त काय सांगतं तेही बघू.’’

अण्णा थोडा वेळ गप्प राहतात. गाभण मेंढीला हात लावायचा नाही, एवढी एक अट घालतात आणि वाघरीची एक बाजू सोडतात.

या कामाचा पहिला नियम असा की एका कळपातून थोडीच जनावरं घ्यायची, आणि तीही एकमेकांच्या नात्यातली नसावीत. मायलेकी दोघींचं रक्त घेतलं, तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. म्हणून एका जातीचे चाळीस-पन्नास नमुने जमवायला गावोगावचे वाडे पालथे घालावे लागतात. इथं कुठल्याही जनावराची कागदावर नोंद नाही. नोंद मावशींकडे आहे. त्या पिठाचे हात झटकून उठतात आणि जाळीपाशी येतात.

‘‘ती नगं. ती आन् ही एकाच मेंढीच्या. ही घ्या. हिची आई मला म्हायारनं मिळालीया.’’

विद्यार्थिनी वहीत लिहून घेते. माहेरची मेंढी सासरच्या कळपात येते, तेव्हा तिच्याबरोबर दुसऱ्या रानाचं रक्तही येतं. मावशी बोट दाखवत पुढे सरकतात. आजी, आई, नात. एकाही मेंढीच्या कानात बिल्ला नाही आणि एकीचंही घराणं त्या चुकत नाहीत.

आता रांग लागते. एक पोरगा मेंढीला दोन पायांत धरतो, हनुवटी वर करतो. डॉक्टर गुडघ्यावर बसतात. मानेच्या खोबणीतली लोकर बाजूला सारतात, स्पिरिटचा बोळा फिरवतात, अंगठ्यानं शीर दाबतात. शीर फुगते. सुई आत जाते आणि गडद रक्त नळीत चढू लागतं. दहा मिलिलिटर पुरे. नळी जोरात हलवायची नाही, हातात हळूहळू उलटीपालटी करायची, म्हणजे आतलं औषध मिसळतं आणि रक्त गोठत नाही. वर नंबर, मग बर्फात. सुटलेली मेंढी चार उड्या मारते आणि अंग झाडते.

नळीत तांबड्या पेशी अमाप आहेत, पण त्या इथं कामाच्या नाहीत. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रकच नसतं. हवा आहे तो पांढऱ्या पेशींमधला डीएनए. मेंढीच्या शरीरातल्या पेशीत ५४ गुणसूत्रं असतात, निम्मी आईकडची, निम्मी बापाकडची. बिऱ्हाडाजवळ दुधासाठी ठेवलेल्या शेळ्या बाभळीचा पाला ओढताहेत. त्यांची ६०. एका रानात चरतात, एका जाळीत झोपतात, पण वंश वेगळा.

ऊन चढतं. धसकटांचा रंग पांढरा पडतो. काटा बाभळीच्या फांदीला अडकवला आहे. फीत खांद्यापासून खुरापर्यंत जाते, मग छातीभोवती, मग कानावर. मी वही धरायला बसतो आणि मेंढ्या जवळून बघतो. ही दख्खनी. बहुतेक काळी, कुठं कपाळावर पांढरा टिळा. नाक बाकदार, कान मध्यम लांबीचे आणि पडलेले, पाय काटक. लोकर भरड, केसांत मिसळलेली. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणाच्या कोरड्या पठारावर हीच मेंढी शतकानुशतकं चालत आली आहे. महाराष्ट्रात तिची घराणी मानतात: लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी. दिसण्यात फरक आहेत. ते रक्तातही तेवढेच आहेत का, यासाठी ही सगळी खटपट.

मेंढ्याची पाळी येते. त्याला धरायला दोघं लागतात. शिंगं मागं वळलेली, मानेवर लोकरीची जाड झूल. कळपात मेंढ्या शंभराच्या आसपास आणि पैदाशीचा मेंढा हा एकटा. बाकीचे नर चार-सहा महिन्यांचे झाले की खाटकाला जातात. हाच का ठेवला?

अण्णा म्हणतात, ‘‘ह्याची आई दुष्काळात आटली न्हाई. दूध देत ऱ्हायली, चालत ऱ्हायली.’’

विद्यार्थिनी वहीच्या कोपऱ्यात एक हिशेब मांडते. शंभर माद्यांमागे एकच नर असेल, तर आनुवंशिकतेच्या दृष्टीनं तो कळप जेमतेम चार जनावरांइतकाच मोठा ठरतो. पुढच्या पिढीतली सगळी कोकरं एकाच बापाची. तोच मेंढा आणखी राहिला, तर स्वतःच्या लेकींवर जाणार. शंभर माद्यांमागे पाच नर ठेवले तर तोच आकडा एकोणीसवर जातो. अण्णांना आकडा ऐकायचा नसतो, अर्थ आधीच ठाऊक आहे. दोन वर्षं झाली की ते मेंढा बदलतात. लांबच्या वाड्यावरचा आणतात, आपला तिकडे देतात.

दुपारी बर्फ वितळू लागतो. नळ्या सावलीत हलवतात, डब्यावर ओली गोणी टाकतात. पुढच्या वाड्यावरचा कारभारी रानात गेलेला आहे, तो येईपर्यंत थांबायचं. बाभळीची सावली विरळ आहे. मावशी ताक देतात. मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून गोल उभी आहेत. वारा नाही. लांब कुठंतरी पोकळ घंटा वाजते आणि थांबते.

आठवडी बाजाराच्या दिवशी आटपाडीत वेगळंच चित्र दिसतं. टेम्पो, पिकअप, दुचाकीवर मांडीत धरलेली कोकरं. धुळीचा पडदा. उसाचा रस, भेळ, दोरखंडांची दुकानं. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरताहेत. काळी मेंढरं एका कडेला दाटीनं उभी आहेत. गर्दी दुसरीकडे आहे, माडग्याळच्या मेंढ्यांभोवती.

जत तालुक्यातल्या माडग्याळ परिसरातली ही मेंढी. अंगानं उंच, रंग पांढरा आणि त्यावर तांबूस-तपकिरी डाग. नाक ठळक बाकदार, कान लांब. अंगावर लोकर जवळजवळ नाही. कोकरं झपाट्यानं वाढतात, म्हणून मटणाच्या बाजाराला ती हवी. निवडक नरांच्या किमती लाखांत जातात. मालकानं नराला धुऊन, गळ्यात गोंडे बांधून उभं केलं आहे. पोरं त्याच्याबरोबर फोटो काढताहेत. त्याच्या बाजूला एका पिकअपमध्ये कोकरं भरलेली आहेत. तोंडवळा काळ्या मेंढीचा, अंगावर पांढरे-तांबूस डाग. दख्खनी आई, माडग्याळ बाप.

काळी मेंढी विकणारा एक म्हातारा म्हणतो, ‘‘लोकरीला कोण इचारतंय? कातरायची मजुरीबी निघत न्हाई.’’

बाजारामागच्या गल्लीत एका सनगराचा माग आहे. खड्ड्यात पाय सोडून तो बसतो. काळं सूत, चिंचोक्याची खळ, भिंतीला टेकवलेल्या दोन घोंगड्या. गिऱ्हाईक नाही. घोंगडी कमी खपली की लोकर पडून राहते, लोकर पडून राहिली की काळ्या मेंढ्याला मागणी उरत नाही. तेलंगणाच्या पठारावर हे आधीच घडलं आहे. तिथं लोकरीच्या दख्खनीची जागा मोठ्या प्रमाणावर बिनलोकरीच्या नेल्लोर मेंढीनं घेतली. २०१९च्या पशुगणनेत देशात सुमारे ७ कोटी ४२ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या, आधीच्या गणनेपेक्षा १४ टक्क्यांनी अधिक. डोकी वाढली. वाण किती उरले, हे डोकी मोजून कळत नाही.

ते कळतं शहरातल्या एका प्रयोगशाळेत. इथं गारवा आहे, यंत्रांची एकसुरी घरघर आहे, रानाचा वास कुठंही नाही. जांभळ्या टोपणाच्या नळ्या रांगेनं उभ्या आहेत. रक्त फिरवून वेगळं केलं जातं, पेशी फोडल्या जातात, प्रथिनं काढून टाकली जातात. शेवटी थंडगार अल्कोहोल ओततात आणि नळीत डीएनए तरंगताना दिसतो, पिंजलेल्या लोकरीच्या तंतूसारखा.

पुढचं काम मोजणीचं. गुणसूत्रांवरच्या ठरावीक जागी डीएनएची काही अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. कुणात ती दहा वेळा, कुणात चौदा वेळा. अशा पंचवीस-तीस जागा तपासल्या की दोन जातींमधलं अंतर काढता येतं. आता एकाच पट्टीवर पन्नास हजारांहून जास्त जागा वाचता येतात. पडद्यावर फांद्या फुटतात. जवळचे वाण जवळच्या फांदीवर, लांबचे लांब. आईकडूनच येणारा डीएनए वेगळा वाचतात. जगातल्या पाळीव मेंढ्यांची त्यावरून पाच घराणी पडतात आणि भारतातल्या बहुतेक मेंढ्या त्यांतल्या ‘ए’ घराण्यातल्या. सुमारे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणसानं रानमेंढी माणसाळवली. मावशींची वंशावळ पार तिथपर्यंत जाते.

भारतीय मेंढ्यांच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. विविधतेचा मोठा वाटा दोन जातींच्या मध्ये नसतो, एकेका जातीच्या आतच असतो. म्हणजे ती एखाद्या सरकारी फार्मवरच्या मोजक्या नमुनेदार जनावरांत मावणारी नाही. ती शेकडो वाड्यांवर विखुरलेली आहे.

एका नळीवर गॅरोल असं लिहिलं आहे. सुंदरबनातली ही मेंढी दहा-पंधरा किलोंची, गुडघाभर पाण्यात उभी राहून चरणारी. दिसायला मामुली. पण तिच्यात एक जनुक आहे, फेक-बी, ज्यामुळे मेंढी एका वेळी दोन-तीन कोकरं देते. १७९२-९३ मध्ये बंगालमधून मेंढ्या ऑस्ट्रेलियात गेल्या. तिथल्या बुरूला मेरिनोच्या जुळ्या-तिळ्यांचं मूळ याच मेंढ्यांत असल्याचं मानलं जातं. २००१ मध्ये या जनुकातला नेमका बदल सापडला. फलटणमध्ये गॅरोलशी संकर करून हेच जनुक दख्खनीत आणलं गेलं आणि एरवी एकच कोकरू देणाऱ्या मेंढ्या जुळी देऊ लागल्या. सुंदरबनातल्या गरिबांनी ही लहानखुरी मेंढी निकामी म्हणून सोडून दिली असती, तर माणदेशातल्या गरिबाला हे जुळं मिळालं नसतं.

दख्खनीच्या रक्तातही असं काय काय असेल. उन्हात मैलोन्‌मैल चालणं आहे, दुष्काळात न आटणारं दूध आहे, धसकटावर जगणं आहे. पठार तापत चाललं आहे आणि हे गुण पुढे लागणार आहेत. डीएनए शीतकपाटात ठेवता येतो, वीर्य गोठवता येतं, ते ठेवावंही. पण निवड रानातच होते, दुष्काळात न आटलेल्या आईचा नर ओळखणाऱ्या माणसाच्या हातानं. म्हणून काळा मेंढा टिकवायचा तर मेंढपाळाला चरायला रान आणि चालायला वाट हवी, लोकरीला भाव हवा, आणि सरकारी योजनांतून वाटले जाणारे नर त्या-त्या पठारावरचेच हवेत. शहरात राहणाऱ्यांना यातलं एक सहज करता येईल: घरात एक खरी, काळ्या लोकरीची, मागावर विणलेली घोंगडी आणा आणि तिची पुरी किंमत मोजा.