थर्लमिअरच्या वाटेवरचा पाऊस

मँचेस्टरच्या विद्यापीठात शिकावयास गेलेल्या आपल्याकडच्या मुलाला पहिल्या हिवाळ्यातच कळून चुकते, की शनिवार कोरडा उजाडण्याची वाट पाहणारा मनुष्य तेथे खोलीतच बसून राहतो. म्हणून सुट्टीचे दोन दिवस हाताशी असताना त्याने आभाळाचा रंग न पाहता उत्तरेची आगगाडी धरावी, विंडरमिअरला उतरावे आणि इंग्लंडमध्ये सर्वाधिक पाऊस जेथे पडतो त्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये भर पावसातच शिरावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. विद्यार्थ्यांसाठी रेल्वेचे सवलतपत्र मिळते, त्यावर एक तृतीयांश भाडे वाचते.

विंडरमिअरहून केझिककडे जाणारी ५५५ क्रमांकाची बस ग्रासमिअरवरून जाते. वर्ड्‌स्वर्थ १७९९ ते १८०८ पर्यंत जेथे राहिला ते डव्ह कॉटेज तेथेच असल्यामुळे पुष्कळ प्रवासी तेथे उतरतात. परंतु आपल्या विद्यार्थ्याने, निदान पहिल्या खेपेस, बसमध्येच बसून राहावे, कारण डनमेल रेज ही खिंड ओलांडल्यावर डाव्या हाताला जो लांबट, काळसर जलाशय दिसू लागतो, त्याच्याशी त्याचे नाते कवीपेक्षाही निकटचे आहे. हा थर्लमिअर. कापडाच्या व्यापाराने वाढलेल्या मँचेस्टरला पाणी पुरेनासे झाले तेव्हा तेथील नगरपालिकेने या सरोवरावर धरण बांधण्याची योजना मांडली; निसर्गप्रेमी मंडळींनी तिला कडाडून हरकत घेतली; तरीही १८७९ साली पार्लमेंटने कायदा मंजूर केला, काठची जुनी वस्ती पाण्याखाली गेली, आणि १८९४ साली ९६ मैल लांबीच्या जलवाहिनीतून, कोठेही पंप न लावता, केवळ उताराच्या बळावर डोंगरातले पाणी शहरात पोहोचले. मुंबईकराला ही हकीकत परकी वाटू नये; शहापूरकडचे तानसा धरण १८९२ चे, म्हणजे त्याच पिढीचे. ज्या पाण्यावर आपले शहर जगते ते कोणाच्या शिवारातून येते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच विचारण्याजोगा आहे, आणि तो पुस्तकापेक्षा त्या काठावर अधिक तीव्रतेने जाणवतो.

तो लढा हरला तरी वाया गेला नाही. त्याच धडपडीतून पुढे १८९५ साली, निसर्गरम्य जागा सर्वांसाठी जपणारी नॅशनल ट्रस्ट ही संस्था निघाली. तिच्या तिघा संस्थापकांपैकी रॉन्स्ली हे केझिकजवळच्या क्रॉस्थवेटचे धर्मोपदेशक होते, आणि १९०२ साली या संस्थेकडून लोकवर्गणीतून डरवेंटवॉटरच्या काठची ब्रँडलहाउची जमीन सर्वांसाठी विकत घेतली गेली.

केझिकहून बरोडेल खोऱ्यात सीटोलरपर्यंत बस जाते, तेथून पुढे सीथवेट हे वाडीवजा गाव पायी गाठावे लागते. येथे वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि काही कोसांवरच्या केझिकला त्याच्या निम्म्याच्या आसपास. कारण सह्याद्रीचेच: समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त पश्चिमी वारे डोंगराला अडून वर चढतात, थंड होतात आणि तेथेच रिते होतात. महाबळेश्वरचा आकडा याहून पुष्कळ मोठा. पण आपला पाऊस चार महिन्यांत हिशेब चुकता करतो आणि तेथला बारा महिने हप्त्याहप्त्याने येतो. मात्र तोही कधी कोपतो: ५ डिसेंबर २०१५ रोजी शेजारच्या हॉनिस्टर खिंडीत २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला.

याच सीथवेटच्या माथ्यावर सोळाव्या शतकात शुद्ध ग्रॅफाइटची खाण सापडली. मेंढ्यांवर खुणा करण्यास धनगर ते वापरीत. पुढे तोफगोळ्यांच्या साच्यांना त्याचे अस्तर देऊ लागले, तेव्हा मोल इतके वाढले की चोरीविरुद्ध १७५२ साली खास कायदा करावा लागला. त्यातूनच केझिकचा पेन्सिलींचा धंदा उभा राहिला, आणि त्या पेन्सिलींचे संग्रहालय पावसाच्या दुपारी अवश्य पाहावे.

मुक्कामाला यूथ हॉस्टेल उत्तम. अशा वसतिगृहांत ओले कपडे वाळवण्याची स्वतंत्र, उबदार खोली असते. दांडीवर रांगेने रेनकोट टांगलेले, खाली चिखलाने माखलेले बूट, सर्वत्र ओल्या लोकरीचा वास. आणि तेथेच, पायमोजे पिळता पिळता, निवृत्त शिक्षक आणि परदेशी विद्यार्थी उद्याच्या वाटेविषयी बोलू लागतात. वर्गात सहा महिन्यांत न जुळणारी ओळख येथे एका संध्याकाळी जुळते, असे मला वाटते.

घरच्या मंडळींना विनंती एवढीच, की "पाऊस आहे, बाहेर पडू नकोस" असे फोनवर सांगण्याऐवजी काय पाळावे ते सांगावे. वाऱ्यात छत्री निरुपयोगी, रेनकोटच घ्यावा. ओढा फुगला असेल तर न ओलांडता मागे फिरावे. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्याआधी खाली यावे. कोठे जात आहोत ते वसतिगृहात सांगून जावे. अडचण आलीच तर ९९९ फिरवून प्रथम पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागावे. हे मदतपथक वेतन न घेणाऱ्या स्वयंसेवकांचे असून देणग्यांवर चालते. दुकानात त्यांची पेटी दिसली तर परतीच्या बसपूर्वी तिच्यात एक नाणे जरूर टाकावे.