ऐकू येते, पण कळत नाही

घरातील वृद्धांची एक तक्रार बहुतेकांच्या परिचयाची आहे. ‘आवाज ऐकू येतो, पण काय म्हणता ते कळत नाही.’ आपण ती हट्टीपणात जमा करतो. वस्तुतः कानाची घडण पाहिली, तर हे वर्णन शास्त्राइतकेच काटेकोर आहे.

हवेतील कंपने कानाच्या पडद्यावर आदळतात आणि तीन चिमुकल्या हाडांमार्फत आतील द्रवाने भरलेल्या, शंखासारखी वळणे घेतलेल्या नळीत पोहोचतात. या नळीतील एक लांबट पडदा उंच स्वरांनी तोंडाशी, तर खर्जाच्या स्वरांनी टोकाशी अधिक थरथरतो. हे ज्यांनी प्रयोगाने दाखविले ते जॉर्ज फॉन बेकेशी मूळचे हंगेरीच्या टपालखात्यातील दूरध्वनी-संशोधक. या कार्यासाठी त्यांना १९६१ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पडद्यावरील सुमारे पंधरा हजार केशपेशी थरथरीचे विद्युत्‌संदेशांत रूपांतर करतात आणि मेंदू त्यांतून शब्द ओळखतो. हे भांडवल जन्मतः मिळते, त्यात पुढे भर पडत नाही. कोंबडीच्या कानात नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा उगवतात. माणसाला ती सवलत नाही.

मोठ्या आवाजाने प्रथम झिजतात त्या नळीच्या तोंडाकडच्या, म्हणजे उंच स्वरांच्या पेशी. वयोमानानेही तोच भाग आधी जातो. स्वरवर्णांचे बळ खालच्या पट्टीत असल्याने ते ऐकू येत राहतात. ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने मात्र निसटतात. बाजारात ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतील फरक एका ‘स’चा असतो, हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाने निराळे सांगावयास नको!

लातूर–बार्शी रस्त्यावरील मुरूडसारख्या बाजारगावात ध्वनिक्षेपकांची भिंत उभी केलेली मिरवणूक अरुंद गल्लीतून जाते, तेव्हा नेमके काय खर्ची पडते ते यावरून ध्यानात यावे. डेसिबलचे गणित फसवे आहे. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दसपट होते, कानाला मात्र आवाज जेमतेम दुप्पट वाटतो. आरोग्यतज्ज्ञांच्या एका प्रचलित हिशेबानुसार ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो आणि पुढे दर तीन डेसिबलना ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. भाडे यजमान भरतो, हानी मात्र माडीवरच्या तान्ह्या मुलाच्या आणि अभ्यासाला बसलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येते.

कायदा नाही असे नव्हे. २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. शाळा-रुग्णालयांभोवती शंभर मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरविता येतो. परंतु अंमलबजावणी बव्हंशी तक्रारीवर विसंबून आहे, आणि ज्या गावात सर्वांचे सर्वांशी नाते, तेथे शेजाऱ्याच्या वरातीविरुद्ध तक्रार करावी कोणी? मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करावी असे सांगितले, ते या दृष्टीने महत्त्वाचे. ध्वनिक्षेपकातच आवाजाची कमाल मर्यादा बसविण्याचा मार्गही त्याच निर्णयात सुचविला आहे. मला तो अधिक व्यवहार्य वाटतो. यंत्रे भाड्याने देणारे तालुक्यात मोजकेच असतात. मिरवणुकीमागे पोलीस धाडण्यापेक्षा, ही मर्यादा बसविल्याखेरीज त्यांना यंत्र भाड्याने देताच येऊ नये, अशी अट घालणे सोपे आहे.