रमाबाई? कोणत्या रमाबाई?

आठ मार्चच्या कार्यक्रमात हे वाक्य हमखास येतं: “न्यायमूर्ती रानड्यांनी आपल्या पत्नीला शिकवलं आणि त्याच पुढे पंडिता रमाबाई म्हणून गाजल्या.” टाळ्याही पडतात. यंदा तिसऱ्यांदा ऐकलं, म्हणून हा खुलासा.

या दोन वेगळ्या बायका आहेत.

पंडिता रमाबाई या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या, जन्म १८५८चा. संस्कृत आईवडिलांकडून शिकल्या. दोघंही दुष्काळात गेल्यावर भावाबरोबर पायपीट करत कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी १८७८ साली त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं, १८८२ साली वैधव्य आलं. यात रानडे कुठे आहेत?

रमाबाई रानडे माहेरच्या कुर्लेकर. १८७३ साली, अकराव्या वर्षी लग्न झालं तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. नवऱ्याने शिकवलं ते यांना. वक्त्याचं तेवढं खरं.

घोळ का होतो, तेही समजतं. पंडिताबाई १८८२ साली पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. रानड्यांच्या रमाबाई तिथे जात. पुढे पंडिताबाईंनी १८८९ साली शारदा सदन सुरू केलं. न्यायमूर्ती त्याच्या सल्लागार मंडळात होते. धर्मांतराच्या वादात १८९३ साली ते बाहेर पडले. एकीचं शारदा सदन, दुसरीचं सेवासदन. पण म्हणून दोघी एकच? शंका असेल त्यांनी रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ उघडावं. पंडिताबाई पुण्यात आल्याची हकीकत त्यात आहे, त्यांच्याकडे जाण्यावरून घरच्या बायकांनी मारलेले टोमणेही आहेत. स्वतःचंच व्याख्यान ऐकायला गेले म्हणून कोणी टोमणे खातं का?

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘उंच माझा झोका’ ही मालिका केडगावच्या रमाबाईंवर होती: नाही, रानड्यांच्या रमाबाईंवर. केडगावचं मुक्ती मिशन पंडिताबाईंचं.

थेऊरला सती गेल्या त्या यांच्यापैकीच: नाही. त्या थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी. साल १७७२, तेव्हा या दोघींचा जन्मही व्हायचा होता.

घाटकोपरचं रमाबाई नगर पंडिताबाईंच्या नावाचं: नाही, बाबासाहेबांच्या पत्नी रमाबाई आंबेडकर यांच्या. त्या दापोलीजवळच्या वणंदच्या, निधन १९३५.

“नावं सारखी असली की होतंच असं,” हे उत्तर मला पटत नाही. आगरकर गोपाळ, गोखलेही गोपाळ. दोघं पुण्यातच, आणि ‘सुधारक’ या एकाच पत्रात आगरकर मराठी बाजू सांभाळत, गोखले इंग्रजी. त्यांची सरमिसळ करणारा वक्ता मला अजून भेटलेला नाही, कारण पुरुषांना आपण आडनावाने ओळखतो. बाईंना मात्र नुसतं ‘रमाबाई’ म्हणतो आणि मग समोर दिसेल त्या मोठ्या माणसाच्या घरात नेऊन बसवतो. पंडिताबाईंनी पदवी स्वतःच्या विद्येवर मिळवली होती. ती रानड्यांच्या खात्यावर मांडली, तर त्यांच्याकडे उरलं काय?