अतितीव्र बहिरेपणा आणि ताकदीचे श्रवणयंत्र

बहिरेपणा डेसिबलमध्ये मोजतात. निरोगी कानाला २० डेसिबलपेक्षाही मंद आवाज ऐकू येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या वर्गीकरणानुसार ऐकू येण्याचा हा उंबरठा ६५ ते ८० डेसिबलवर गेला की बहिरेपणा तीव्र आणि ८० ते ९५ डेसिबलवर गेला की अतितीव्र धरतात. हातभर-दीड हातावरून नेहमीच्या स्वरात केलेले बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. म्हणजे तीव्र बहिरेपणात समोर बसलेल्या माणसाचे बोलणे जवळजवळ पोचतच नाही, आणि अतितीव्र बहिरेपणात कानाशी तोंड नेऊन ओरडले तरी अर्धेमुर्धेच पोचते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यात ७० डेसिबलची घट असलेल्या व्यक्तीला बधिर, तर ६० ते ७० डेसिबल घट असलेल्या व्यक्तीला कमी ऐकू येणारी व्यक्ती मानले आहे.

इतक्या घटीला कानाच्या आत दडणारी लहान यंत्रे पुरी पडत नाहीत. लागते ते कानामागे बसणारे, मोठ्या सेलवर चालणारे, ‘पॉवर’ किंवा ‘सुपर पॉवर’ या नावाने विकले जाणारे यंत्र. लोक त्याला सरसकट ‘कानाचे मशीन’ म्हणतात आणि ते घेताना पहिला प्रश्न विचारतात, आवाज किती मोठा येतो? तो प्रश्न अर्धाच आहे. नेमका कोणता आवाज, किती वाढवून आणि कुठे थांबवून कानात सोडायचा, यावर ही निवड ठरते.

कानात काय हरवलेले असते

अंतर्कर्णात शंखासारखी वेटोळी असलेली नळी असते. तिच्यात केसाळ पेशींच्या ओळी असतात, बाहेरच्या सुमारे १२,००० आणि आतल्या सुमारे ३,५००. बाहेरच्या पेशी मंद आवाजाला जोर देतात, आतल्या पेशी तो मज्जातंतूकडे पोचवतात. केवळ बाहेरच्या पेशी गेल्या तर घट सहसा ५०-६० डेसिबलपर्यंत असते आणि आवाज वाढवून ती बऱ्यापैकी भरून निघते. घट त्यापुढे गेली तर आतल्या पेशींचेही नुकसान झालेले असते. मग आवाज मोठा केला तरी तो फाटका, अस्पष्ट राहतो. ‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही तक्रार इथून उगवते.

दुसरी अडचण त्याहून चमत्कारिक आहे. ‘जरा मोठ्याने बोला’ म्हणणारे आजोबा आवाज थोडा चढवताच ‘ओरडतोस कशाला’ म्हणून चिडतात. हा लहरीपणा नव्हे. निरोगी कानाला ऐकू येण्यापासून त्रास होण्यापर्यंत शंभरेक डेसिबलचा पट्टा मिळतो. अतितीव्र बहिरेपणात ऐकू येण्याची पातळी ८५वर गेलेली असते, त्रास होण्याची पातळी मात्र ११०च्या आसपासच राहते. उरलेल्या पंचवीस डेसिबलांत कुजबुजीपासून भांड्याच्या आदळण्यापर्यंत सगळे बसवावे लागते. म्हणून चांगले यंत्र मंद आवाज खूप वाढवते, मध्यम आवाज बेताने वाढवते आणि मोठा आवाज जवळपास आहे तसाच सोडते. बाजारात काही शे रुपयांना मिळणाऱ्या, चाक फिरवून आवाज वाढवण्याच्या डब्या हे करत नाहीत. त्या सगळेच सारखे वाढवतात आणि उरलेसुरले श्रवणही धोक्यात घालतात.

आधी तपासणी, मग दुकान

यंत्र पाहण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाने कान तपासणे आवश्यक असते. मळाचा बोळा, पडद्याला भोक, कान वाहणे यांवर आधी उपचार होतात. दोन-तीन दिवसांत अचानक ऐकू येईनासे होणे ही तातडीची बाब आहे. त्यावरील औषधांचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक होतो, त्यामुळे ‘पावसात दडे बसले असतील’ म्हणत थांबणे महागात पडते. कान सतत वाहत असेल तर यंत्राच्या साच्याने तो बंद करता येत नाही. अशा वेळी हाडातून आवाज पोचवणारे यंत्र विचारात घेतात.

त्यानंतर ऑडिओग्राम काढतात. या आलेखात उजव्या कानासाठी लाल गोल आणि डाव्या कानासाठी निळी फुली असते. डावीकडे जाडे स्वर, उजवीकडे बारीक स्वर आणि जितकी खूण खाली तितकी घट जास्त. बहुतेकांची रेघ उजवीकडे घसरत जाते, आणि मराठीत त्याचा अर्थ असा होतो : साप, शाप, ताप, थाप, चाप या शब्दांतला ‘आप’ ऐकू येतो, पण त्यांना वेगळे करणारे स, श, त, थ, च हे बारीक आणि कमजोर आवाज हरवतात. उलट पाय, बाय, माय हे शब्द ओठांवर सारखेच दिसतात, पण त्यांतला फरक बराचसा जाड्या स्वरांत असल्याने तो उरलेल्या श्रवणाने कळू शकतो. ओठ वाचणे आणि ऐकणे एकमेकांची उणीव अशी भरून काढतात. म्हणून नुसत्या शिट्टीसारख्या स्वरांची ही चाचणी पुरेशी नसते, मराठी शब्द ऐकवून किती ओळखता येतात तेही पाहावे लागते.

माहितीपत्रकातले दोन आकडे

यंत्राच्या माहितीपत्रकात दोन आकडे शोधावेत. पहिला ‘गेन’, म्हणजे यंत्र आवाज किती वाढवते. सुपर पॉवर यंत्रांत तो ८० डेसिबलच्या आसपास जातो. डेसिबलची मोजपट्टी गुणाकाराची असल्याने ८० डेसिबल म्हणजे ध्वनीचा दाब दहा हजार पट. दुसरा आकडा कमाल आवाजाचा, जो १४० डेसिबलपर्यंत असू शकतो. तो प्रत्येक कानाला सोसेल तिथे अडवून ठेवावा लागतो. दोन कंपन्यांचे आकडे ताडून पाहताना ते एकाच पद्धतीने मोजले आहेत ना, हे विचारावे. छोट्या धातूच्या पोकळीत मोजलेला आकडा आणि कृत्रिम कानात मोजलेला आकडा यांत एकाच यंत्राचा काही डेसिबलांचा फरक पडतो, आणि जाहिरातीत अर्थातच मोठा आकडा छापतात.

८० डेसिबल घट म्हणून ८० डेसिबल वाढ द्यायची, असा हिशेब नसतो. वयानुसार आणि घटीनुसार किती वाढ द्यायची याची सूत्रे ठरलेली आहेत. लहान मुलांना भाषा शिकायची असते, म्हणून त्यांना सहसा जास्त वाढ दिली जाते. थोडी जास्तीची ताकद मात्र राखीव असावी. घट पुढे वाढली तरी तेच यंत्र नव्याने जुळवून वापरता येते.

किमतीचा ताकदीशी संबंध लोक समजतात तितका नाही. फोनॅकचे नायडा, ऑटिकॉनचे एक्सीड, रीसाउंडचे एन्झो ही या गटातली परिचित नावे. एकाच मालिकेतल्या स्वस्त आणि महाग यंत्रांची ताकद बहुधा सारखीच असते. जादा पैसे गोंगाट कमी करणे, आपोआप बदलणारे कार्यक्रम आणि फोनशी बिनतारी जोडणी यांसाठी जातात. श्रवणयंत्रावर जीएसटी लागत नाही, हेही पावती पाहताना ध्यानात असावे.

साचा म्हणजे निम्मे यंत्र

यंत्र शिट्टी मारते, ही सर्वांत जुनी तक्रार आहे. कानात सोडलेला मोठा आवाज फटीतून बाहेर येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि पुन्हा वाढतो. ताकद जितकी जास्त तितकी लहान फटही पुरते. तयार रबरी टोपी या ताकदीला चालत नाही, कानाचे माप घेऊन घडवलेला साचा लागतो. कठीण अॅक्रिलिकचा साचा टिकाऊ आणि धुवायला सोपा असतो. मऊ सिलिकॉनचा जास्त घट्ट बसतो आणि लहान मुलांना सुरक्षित असतो. मुलाचा कान वाढतो तसा साचा सैल होतो, तान्ह्या बाळाचा तर दर काही महिन्यांनी बदलावा लागतो. शिट्टी बंद करण्यासाठी आवाज कमी करून ठेवणे, ही घराघरांतली चूक आहे. त्यात यंत्र घेण्याचे प्रयोजनच संपते.

बारीक स्वरांच्या पेशी पूर्ण मृत असतील तर तिथे कितीही आवाज ओतून उपयोग नसतो. काही यंत्रे स, श यांसारखे आवाज खालच्या, ऐकू येणाऱ्या पट्टीत आणून ठेवतात. सुरुवातीला ते विचित्र वाटतात, सवयीने ओळखू येऊ लागतात. जुने अॅनालॉग यंत्र वर्षानुवर्षे वापरलेल्यांना नवे डिजिटल यंत्र ‘कमी आवाजाचे’ वाटते, कारण ते मोठे आवाज दाबते. अशांच्या यंत्रात बदल हळूहळू करतात.

दोन्ही कानांत उपयोगी श्रवण उरले असेल तर दोन यंत्रे घ्यावीत. त्याने आवाज भरीव होतोच, शिवाय गाडी कुठल्या बाजूने येते हे कळण्याची शक्यता वाढते. मुंबई-पुणे मार्गाच्या कडेला राहणाऱ्यांना ही चैन नव्हे.

अंतर हाही यंत्राचा शत्रू आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलनी घटतो. चुलीपासून पडवीपर्यंत मारलेली हाक म्हणूनच वाया जाते. वर्गात शिक्षकाच्या गळ्यात लटकवलेला बिनतारी माइक यंत्राशी जोडला तर तो आवाज थेट कानात पोचतो. शाळेत जाणाऱ्या मुलासाठी यंत्र निवडताना अशा माइकची सोय त्यात आहे का, हे आधी पाहावे.

कोकणातला पाऊस आणि सेल

खालापूर-कर्जत भागात जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब असते. घाम आणि दमट हवा यांमुळे साच्याच्या नळीत पाण्याचे थेंब साचतात आणि आवाज बंद होतो. लोक मात्र ‘मशीन बिघडले’ म्हणून ते कपाटात ठेवतात. याच भागातल्या कुंभिवलीसारख्या गावात यंत्र निवडताना धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाची आयपी ६८ ही खूण पाहावी. रात्री साचा काढून नळी फुंकून कोरडी करावी, सेलचे दार उघडे ठेवावे आणि यंत्र ओल शोषणाऱ्या खड्यांच्या डबीत ठेवावे. सेल मात्र डबीत ठेवू नये, तो आतून वाळतो.

या यंत्रांत बहुधा ६७५ क्रमांकाचा, निळ्या पट्टीचा झिंक-एअर सेल असतो. पट्टी काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यावी लागते आणि एकदा काढलेली पट्टी परत लावून सेल वाचत नाही. वापरानुसार तो साधारण दहा दिवस ते तीन आठवडे चालतो. चार्ज होणारी यंत्रेही आता मिळतात, पण पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते तिथे सेलचे यंत्र भरवशाचे ठरते. सेल लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका जळू शकते. म्हणून बालकांच्या यंत्राला कुलूपबंद दार घ्यावे.

कुंभिवलीहून कुठे जावे

प्राथमिक तपासणी तालुक्यातल्या सरकारी रुग्णालयात होऊ शकते. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्रासाठी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाकडे जावे लागते. सविस्तर चाचण्यांसाठी कामोठ्याचे एमजीएम, मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय आणि वांद्रे रेक्लेमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हे पर्याय आहेत. १९८३ साली स्थापन झालेली ही केंद्र सरकारी संस्था वाणी आणि श्रवण दोषांवरच काम करते. खोपोली किंवा कर्जतहून लोकलने दादर आणि तिथून वांद्रे, असा हा जवळपास दिवसभराचा फेरा आहे.

दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडीप योजनेत उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्यांना यंत्र मोफत किंवा सवलतीत मिळते. शिबिरात मिळालेले यंत्र वाईट नसते. ते मापाच्या साच्याविना, जुळवणीविना वापरले तर मात्र निकामी ठरते. शिबिराचे यंत्र घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, जाणे हा पुढचा टप्पा समजावा. ऑडिओलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नको. पहिल्या काही महिन्यांत जुळवणीसाठी तीन-चार फेऱ्या होतात. तेव्हा चार रुपये जास्त पडले तरी दुरुस्ती आणि जुळवणी पनवेल-खोपोलीत होईल असे यंत्र परवडते.

नीट बसले की नाही

योग्य जुळवणीत कानात यंत्राशेजारी बारीक नळी सरकवून पडद्याजवळचा आवाज प्रत्यक्ष मोजतात. ही चाचणी होत असेल तर ती जरूर करून घ्यावी. घरी करण्याची सोपी चाचणीही आहे. घरातल्या कोणीतरी तोंड न दाखवता, हातभर-दीड हातावरून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज एकेक करून काढायचे. माणसाचे बोलणे जाड्यापासून बारीक स्वरांपर्यंत या सहांत सामावते. काल ओळखलेला ‘स’ आज ओळखला नाही, तर नळी, साचा किंवा सेल तपासावा.

लहान मुलाच्या बाबतीत थांबण्याला जागा नाही. भाषेचा पाया पहिल्या दोन-तीन वर्षांत पडतो. यंत्र जागेपणी सतत कानावर असावे आणि जोडीला वाचाउपचार असावेत. नीट जुळवलेले ताकदीचे यंत्र तीन ते सहा महिने नियमित वापरूनही बोलणे उमगत नसेल, तर कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार करतात. त्यात शस्त्रक्रियेने अंतर्कर्णात विद्युततारा बसवतात आणि त्या मेलेल्या पेशींना वगळून थेट मज्जातंतूला चेतवतात. पात्र बालकांसाठी एडीपमध्ये त्याचीही तरतूद आहे. इम्प्लांट एका कानात झाले तरी दुसऱ्या कानात थोडे श्रवण शिल्लक असेल तर तिथले श्रवणयंत्र चालूच ठेवतात. जाडे स्वर त्यातून येतात, बारीक स्वर इम्प्लांटमधून, आणि मेंदू दोन्ही एकत्र करून ऐकायला शिकतो.