कोविड-१९ साथीच्या काळातील फुटबॉल सामने आणि यजमान संघाचा लाभ

कोविड-१९ साथीच्या काळात, म्हणजे मुख्यत्वे २०२० ते २०२२ या वर्षांत, जगभरातील फुटबॉल सामने रिकाम्या मैदानांवर, बदललेल्या ड्रेसिंग रूम व्यवस्थेत आणि अनेकदा त्रयस्थ ठिकाणी खेळवले गेले. त्यामुळे घरच्या मैदानावर खेळणाऱ्या संघाला मिळणारा फायदा, म्हणजेच यजमान संघाचा लाभ, नेमका कशामुळे निर्माण होतो हा जुना प्रश्न नव्याने तपासता आला. भारतात या बदलांचे सर्वांत ठळक उदाहरण गोव्यात सलग दोन हंगाम झालेली इंडियन सुपर लीग ही स्पर्धा होय. महाराष्ट्रात २०२२ मध्ये झालेल्या महिला आशिया चषक स्पर्धेत तर यजमान भारतालाच साथीमुळे स्पर्धेबाहेर पडावे लागले.

संकल्पना

दोन संघ परस्परांच्या मैदानावर समान संख्येने सामने खेळतात तेव्हा घरच्या मैदानावरील विजयांचे प्रमाण बाहेरच्या विजयांपेक्षा सातत्याने अधिक आढळते. या तफावतीस यजमान संघाचा लाभ म्हणतात. इंग्लंडमधील प्रीमियर लीगमध्ये साथीपूर्वी साधारणतः ४५ टक्के सामने यजमान संघ जिंकत असे. ब्रिटिश संशोधक रिचर्ड पोलार्ड यांनी १९८६ मध्ये या विषयाचे पद्धतशीर विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या अभ्यासांत या लाभाची पुढील कारणे प्रामुख्याने चर्चिली गेली.

प्रेक्षक: समर्थकांच्या आवाजाने खेळाडूंना हुरूप येतो, तसेच पंचांच्या निर्णयांवरही परिणाम होतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेव्हिल, बाल्मर व विल्यम्स यांच्या प्रयोगात पंचांना सामन्याची चित्रफीत दाखवण्यात आली. प्रेक्षकांच्या आवाजासह चित्रफीत पाहणाऱ्या पंचांनी आवाजाविना पाहणाऱ्यांच्या तुलनेत यजमान संघाविरुद्ध कमी फाऊल दिले.

प्रवास: पाहुण्या संघाला प्रवासाचा थकवा, परकी निवासव्यवस्था आणि बदललेला दिनक्रम सोसावा लागतो.

परिचय: मैदानाची लांबी-रुंदी, गवत, माती, वारा आणि प्रकाश यांची यजमान संघाला सवय असते.

स्वक्षेत्राची भावना: आपल्या जागेचे रक्षण करण्याची प्रवृत्ती प्राण्यांप्रमाणे माणसांतही असते, असे मानले जाते. नीव्ह व वुल्फसन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरच्या सामन्यापूर्वी खेळाडूंच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉनची पातळी बाहेरच्या सामन्यापूर्वीच्या पातळीपेक्षा अधिक आढळली.

एरवी ही कारणे एकत्रच कार्यरत असल्याने प्रत्येकाचा वाटा वेगळा काढणे कठीण होते. साथीमुळे प्रेक्षक हा घटक एकाच वेळी जगभरातून वगळला गेला. ड्रेसिंग रूम व प्रवास या घटकांचे स्वरूपही बदलले.

ड्रेसिंग रूमचे महत्त्व

ड्रेसिंग रूम ही केवळ पोशाख बदलण्याची जागा नसते. सामन्यापूर्वीची अंतिम सूचना, मध्यंतरातील डावपेचांची फेरआखणी, मालिश, प्रथमोपचार आणि खेळाडूंची मानसिक तयारी या सर्व गोष्टी तेथे होतात. यजमान संघाची खोली बहुधा प्रशस्त व सुसज्ज असते, तर पाहुण्यांना तुलनेने लहान व साधी खोली मिळते. काही ठिकाणी ही तफावत हेतुपुरस्सर वाढवली जाते. इंग्लंडच्या नॉर्विच सिटी या क्लबने २०१८ मध्ये कॅरो रोड मैदानावरील पाहुण्या संघाच्या खोलीला गुलाबी रंग दिला. त्या रंगाने प्रतिस्पर्ध्यांची आक्रमकता कमी होईल, अशी त्यामागील धारणा होती. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या किनिक स्टेडियमवर हाच उपाय त्यापूर्वी अनेक दशके योजला गेला होता.

साथीतील व्यवस्था

बंदिस्त, कमी वायुविजन असलेल्या जागेत अनेकांनी दीर्घकाळ एकत्र राहणे हा कोविड-१९ च्या प्रसाराचा प्रमुख मार्ग होता. खेळाडू मैदानावर मोकळ्या हवेत असतात आणि त्यांचा परस्परांशी निकट संपर्क बहुधा काही क्षणांचाच असतो. त्यामुळे प्रत्यक्ष खेळापेक्षा ड्रेसिंग रूम, बस आणि भोजनकक्ष ही ठिकाणे अधिक जोखमीची मानली गेली. जर्मनीतील बुंडेसलिगा १६ मे २०२० रोजी, तर प्रीमियर लीग १७ जून २०२० रोजी पुन्हा सुरू झाली. मैदानाची विभागांत वाटणी करून प्रत्येक विभागातील प्रवेश मर्यादित करण्यात आला व उपस्थितांची एकूण संख्या सुमारे ३०० पर्यंत ठेवण्यात आली. विविध लीगांत स्वीकारलेल्या उपायांत पुढील बाबी समान होत्या.

खेळाडूंना एकाऐवजी दोन किंवा अधिक खोल्यांत विभागणे, किंवा मूळ संघ व राखीव खेळाडूंनी वेगवेगळ्या वेळी खोली वापरणे.
खोलीत थांबण्याचा कालावधी शक्य तितका कमी ठेवणे.
स्नानगृहाचा वापर टाळून निवासस्थानी परतल्यावर स्नान करणे.
प्रत्येकाने आपल्या नावाची पाण्याची बाटली वापरणे.
दोन्ही संघांनी वेगवेगळ्या मार्गाने व वेळेला मैदानात प्रवेश करणे.

जुन्या व अरुंद मैदानांवर एवढ्या खोल्या उपलब्ध नव्हत्या. तेथे अतिथिकक्ष, सभागृह किंवा तात्पुरत्या उभारलेल्या खोल्या वापरात आल्या आणि ही तात्पुरती जागा बहुधा पाहुण्या संघाच्या वाट्याला आली. त्यामुळे एकीकडे यजमानांचा प्रेक्षकांमुळे मिळणारा लाभ नाहीसा झाला, तर दुसरीकडे सोयींतील तफावत काही ठिकाणी वाढली. मात्र यजमान खेळाडूंचीही सवयीची खोली, ठरलेली बसण्याची जागा व सामन्यापूर्वीचा नित्यक्रम विस्कळीत झाला.

युरोपमधील निकाल

बुंडेसलिगा पुन्हा सुरू झाल्यानंतर हंगामाच्या उर्वरित भागात यजमानांच्या विजयांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर घसरले. प्रीमियर लीगच्या २०२०-२१ च्या हंगामात ३८० सामन्यांपैकी यजमानांनी १४४, तर पाहुण्यांनी १५३ सामने जिंकले आणि ८३ सामने बरोबरीत सुटले. इंग्लंडच्या अव्वल श्रेणीच्या इतिहासात पाहुण्यांचे विजय यजमानांच्या विजयांहून अधिक होण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. त्याच हंगामात मँचेस्टर युनायटेड हा संघ लीगमधील बाहेरच्या सर्व सामन्यांत अपराजित राहिला. लिव्हरपूलची ॲनफिल्डवरील ६८ लीग सामन्यांची अपराजित मालिका २१ जानेवारी २०२१ रोजी बर्नलीने खंडित केली. त्या पराभवासह लिव्हरपूलने घरच्या मैदानावर लागोपाठ सहा लीग सामने गमावले.

मॅककॅरिक, बिलालिच, नीव्ह व वुल्फसन यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ११ देशांतील १५ लीगांचे ४,८४४ सामने तपासले. प्रेक्षकांविना यजमान संघांचे गोल व गुण घटल्याचे त्यात आढळले. त्याचबरोबर पंचांनी यजमानांविरुद्ध दिलेल्या फाऊलांचे व पिवळ्या कार्डांचे प्रमाण वाढले. पंचांवरील प्रेक्षकांच्या प्रभावाविषयीच्या पूर्वीच्या निष्कर्षांस यामुळे पुष्टी मिळाली. यजमानांचा लाभ मात्र पूर्णतः नाहीसा झाला नाही.

गोव्यातील इंडियन सुपर लीग

इंडियन सुपर लीगच्या २०१९-२० हंगामाचा अंतिम सामना १४ मार्च २०२० रोजी मडगावनजीक फातोर्डा येथील पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर प्रेक्षकांविना झाला. त्यात एटीके संघाने चेन्नईयिनवर ३-१ असा विजय मिळवला. पुढील संपूर्ण हंगाम गोव्यातच जैवसुरक्षित वातावरणात खेळवण्याचा निर्णय झाला. २० नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झालेल्या या हंगामात फातोर्डा, बांबोळी येथील जीएमसी ॲथलेटिक स्टेडियम आणि वास्को येथील टिळक मैदान या तीन मैदानांवर अकरा संघांचे सर्व सामने झाले. संघ हॉटेलांत मुक्कामी होते. त्यांची वेळोवेळी चाचणी होत असे आणि बाहेरील व्यक्तींशी संपर्कास मनाई होती.

वेळापत्रकात यजमान व पाहुणा ही नावे कायम होती, परंतु दहा संघांसाठी ती नाममात्र होती. प्रवासाचे अंतर सर्वांना जवळपास सारखे होते, प्रेक्षक कोणालाच नव्हते आणि एकच ड्रेसिंग रूम आळीपाळीने अनेक संघ वापरत होते. एफसी गोवा हा एकमेव संघ आपल्या राज्यात खेळत होता, तरी त्याचे खेळाडूही घरी न राहता हॉटेलातच विलग होते. मैदानाचा व हवामानाचा परिचय एवढाच त्यांचा लाभ उरला होता.

या हंगामात मुंबई सिटी व एटीके मोहन बागान यांचे प्रत्येकी ४० गुण झाले. परस्परांतील सामन्यांच्या आधारे मुंबई सिटीने साखळीतील अग्रस्थानाची ढाल पटकावली. उपांत्य फेरीत मुंबईची गाठ एफसी गोवाशी पडली. दोन्ही सामने बरोबरीत सुटल्यावर मुंबईने पेनल्टी शूटआऊटमध्ये ६-५ असा विजय मिळवला. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्डा येथे झालेल्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगच्या ९० व्या मिनिटातील गोलमुळे मुंबईने एटीके मोहन बागानला २-१ असे नमवले. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल एरिना या आपल्या मैदानावर एकही सामना न खेळता महाराष्ट्राच्या संघाने दोन्ही किताब मिळवले. संघाचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा हे त्यापूर्वी एफसी गोवाचे प्रशिक्षक होते.

२०२१-२२ चा हंगामही गोव्यातच झाला. जानेवारी २०२२ मध्ये संघांत संसर्ग आढळल्याने काही सामने पुढे ढकलावे लागले. एफसी गोवा या हंगामात अकरा संघांत नवव्या क्रमांकावर राहिला. २० मार्च २०२२ रोजीच्या अंतिम सामन्यास प्रेक्षकांना प्रवेश देण्यात आला. त्यांत केरळ ब्लास्टर्सच्या समर्थकांचे बहुमत होते. तरीही हैदराबादने १-१ अशा बरोबरीनंतर पेनल्टी शूटआऊटमध्ये विजेतेपद मिळवले.

महाराष्ट्रातील महिला आशिया चषक

२० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळात महिला आशिया चषक स्पर्धा नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियम, मुंबई फुटबॉल एरिना आणि पुण्यातील बालेवाडी येथील शिवछत्रपती क्रीडा संकुलात झाली. विश्वचषकाची पात्रताही या स्पर्धेवर अवलंबून होती. त्यामुळे मायदेशात खेळणे ही भारतीय संघासाठी दुर्मीळ संधी होती. पहिल्या सामन्यात भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी साधली. २३ जानेवारी रोजी चायनीज तैपेईविरुद्धच्या सामन्यापूर्वी मात्र संघातील अनेक खेळाडू बाधित आढळल्या आणि नियमानुसार आवश्यक असलेल्या किमान १३ खेळाडूही उपलब्ध होऊ शकल्या नाहीत. आशियाई फुटबॉल महासंघाच्या साथविषयक विशेष नियमांनुसार संघाने माघार घेतल्याचे मानण्यात आले आणि इराणविरुद्धचा निकालही रद्द झाला. यजमानपदाचा कोणताही लाभ संसर्गापुढे टिकत नाही, हे या प्रसंगाने दाखवून दिले. संघाचा एकत्रित निवास व ड्रेसिंग रूम ही एरवी एकजुटीची ठिकाणे साथीत संपूर्ण संघाला एकाच वेळी धोक्यात आणू शकतात, हेही त्यातून दिसून आले.

मराठवाड्यातील संदर्भ

नांदेड व लातूर जिल्ह्यांत व्यावसायिक फुटबॉल लीगचे सामने होत नाहीत. तेथील स्पर्धात्मक फुटबॉल मुख्यतः शालेय व आंतरमहाविद्यालयीन स्तरावर खेळला जातो. शालेय क्रीडा स्पर्धा जिल्हा, विभाग व राज्य अशा टप्प्यांनी होतात. राज्याच्या आठ क्रीडा विभागांपैकी लातूर हा एक विभाग असून नांदेड जिल्हा त्यातच येतो. महाविद्यालयीन स्तरावर नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहेत.

अशा स्पर्धा एकाच ठिकाणी, बाद पद्धतीने होतात. परतीचा सामना नसल्याने यजमान संघाला मिळालेला लाभ पुढे भरून निघत नाही. प्रेक्षक मोजकेच असल्याने येथे प्रवास, विश्रांती व मैदान हे घटक अधिक निर्णायक ठरतात. मराठवाड्यातील काळी माती उन्हात कठीण होऊन भेगाळते व पावसात चिकट बनते. अशा मैदानावर चेंडूची उसळी हिरवळीवरील उसळीपेक्षा वेगळी असते. नांदेड किंवा लातूरहून मुंबईला रेल्वेने जाण्यास साधारणतः एक रात्र लागते. रात्रभर प्रवास करून सकाळी मैदानात उतरणारा संघ आणि घरी झोपून आलेला संघ यांची स्थिती समान नसते. स्वतंत्र ड्रेसिंग रूम नसेल तेथे शाळेचा वर्ग, मंडप किंवा बस यांचाच वापर होतो. मुलींच्या संघांसाठी ही उणीव विशेष गैरसोयीची ठरते. यजमानपद फिरते ठेवणे, पाहुण्यांना आदल्या दिवशी निवास देणे आणि दोन्ही संघांना समान खोली पुरवणे या उपायांनी ही विषमता कमी होऊ शकते.

निष्कर्षांच्या मर्यादा

साथीच्या काळात प्रेक्षकांव्यतिरिक्त इतरही अनेक गोष्टी बदलल्या होत्या. मे २०२० पासून पाच बदली खेळाडूंना परवानगी मिळाली, वेळापत्रक दाटीचे झाले आणि खेळाडू अचानक अनुपलब्ध होऊ लागले. लिव्हरपूलच्या पराभवांमागे बचावपटूंच्या दुखापतींचाही वाटा होता. एका संघाच्या एका हंगामावरून सर्वसाधारण नियम काढता येत नाही. उदाहरणार्थ, २०२२ च्या इंडियन प्रीमियर लीग या क्रिकेट स्पर्धेचे सर्व साखळी सामने मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे झाले, तरी मुंबई इंडियन्स दहा संघांत शेवटच्या क्रमांकावर राहिला. ड्रेसिंग रूमच्या बदलांचा परिणाम इतर घटकांपासून वेगळा मोजणे विशेष कठीण आहे, कारण हे बदल प्रत्येक मैदानावर वेगळे होते आणि ते प्रेक्षकबंदीच्या बरोबरच लागू झाले. प्रेक्षकांमुळे पंचांच्या निर्णयांवर होणारा परिणाम हा या काळातील सर्वांत सुस्पष्ट निष्कर्ष मानला जातो.