सहस्रधारेची परीक्षा

थायलंडमध्ये स्नायूंच्या व सांध्यांच्या दुखण्यावर ‘सहत्सथारा’ नावाचे एक पारंपरिक औषध घेतले जाते. उच्चार परका वाटला, तरी शब्द आपल्या ओळखीचा आहे : सहस्रधारा. त्यातल्या 21 घटकांपैकी मिरी, चित्रक, हिरडा, वेखंड तर आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानातही मिळतात. असे औषध खरोखर गुण देते का, हे प्रयोगशाळा कसे ठरवते?

थम्मासात विद्यापीठातील संशोधकांनी या औषधाचा अर्क उंदराच्या भक्षक पेशींवर तपासला. या पेशींना जिवाणूंच्या आवरणातील एक द्रव्य दिले की त्या चवताळतात आणि नायट्रिक ऑक्साइड तयार करतात. दाह मोजण्याची ही एक खूण. नंतर घातलेल्या रसायनाने द्रव गुलाबी होतो. औषधाने दाह दाबला असेल, तर रंग फिका पडतो. मात्र मेलेल्या पेशीही नायट्रिक ऑक्साइड बनवत नाहीत. म्हणून पेशी जिवंत आहेत ना, हे वेगळे पाहावे लागते. दाह शमवणे आणि पेशी मारणे यांतला फरक इथेच कळतो.

पण बशीतल्या पेशीला जठर नसते, यकृत नसते आणि गुडघाही नसतो. त्यामुळे पुढची परीक्षा माणसांवरच घ्यावी लागते. हळदीच्या अर्काची अशी एक मोठी चाचणी थायलंडमध्येच झाली. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गुडघ्याच्या संधिवाताचे 367 रुग्ण होते. काहींना चार आठवडे रोज 1500 मिलिग्रॅम हळदीचा अर्क दिला, तर काहींना 1200 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन. वेदना दोन्हीकडे जवळपास सारखीच कमी झाली. पोटाच्या तक्रारी हळदीच्या गटात कमी होत्या. वेदनाशामकांनी ज्यांचे पोट बिघडते, त्या वृद्धांसाठी ही मोलाची बातमी आहे. तरीही चार आठवडे म्हणजे आयुष्यभर नव्हे आणि प्रमाणित अर्क म्हणजे आमटीतली चिमूटभर हळद नव्हे.

प्रयोगशाळा आणखी एक प्रश्न विचारते : औषधात सांगितल्यापेक्षा वेगळे काही आहे का? थायलंडमध्ये ‘या लूक क्लोन’ या नावाने विकल्या जाणाऱ्या काही वनौषधी गोळ्यांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन यांसारखी स्टेरॉइड मिसळलेली आढळली आहेत. अशी गोळी घेतली की दोन दिवसांत गुडघा हलका होतो आणि श्रेय मुळ्यांना मिळते. दीर्घकाळ घेतल्यास मात्र हाडे ठिसूळ होतात, रक्तातली साखर वाढते, शरीरातील स्वतःची संप्रेरके बनणे मंदावते. मग गोळी अचानक थांबवणेही धोक्याचे ठरते. म्हणूनच तिथल्या वैद्यकीय विज्ञान विभागाने स्टेरॉइड ओळखणारा सोपा तपासणी-संच तयार केला.

परंपरेला प्रयोगशाळेत नेणे म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवणे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात खऱ्या सहस्रधारेला तिच्या नावाने खपणाऱ्या भेसळीपासून वेगळे काढणारी दुसरी वाट नाही. गुण आला, एवढ्यावर रुग्णाचे समाधान होते. तो कशाने आला, हे कुणीतरी विचारायलाच हवे.